हळद-लोण्याचं चाक

शेवंतीच्या बाबास,

तुमचं नाव मी जन्मात कवा घेतलं नाई, अन् आता तुमी नाई तं कागदावर घ्यायले बी हात धजत नाई. म्हून हे असंच. माहेरी चौथीपर्यंत शिकली, ते तुमच्या घरी येऊन कशाच्याच कामी नाई आलं. तुमी म्हणा, "चूल फुंकायले चौथी कायले लागते वं?" आता पाहा, लागली.

आजच काहून लिहून राह्यली? आज खांदशेकणी हाये. उद्या पोळा. सारं गाव बैल धुवायले नाल्यावर गेलं, त्यायच्या हाका इथपर्यंत येऊन राह्यल्या. अन् तुमची माय सकाळपासून घरातच हाये. आता दुपारी तिनं शिंक्यावरून वाटी उतरवली. वाटीत लोणी, वर हळद. पळसाची पानं धुऊन पाटावर ठेवली. आपल्या दाराशी बैल नाई, तं हे कोणासाठी? मी इचारलं नाई. मले समजलं होतं. ती छपरीत जाणार हाये, तुमच्या फटफटीपाशी. मागच्या साली गेलती तशी.

म्हून शेवंतीची दौत घेऊन बसली.

एक गोष्ट मी सालभर पोटात दाबून ठेवली. पारावर बसणारे म्हणतात, मिस्तरी पेऊन होता, म्हून मेला. तुमी मेले ते कशानं, हे मले माहीत हाये. सांगितलं तं तुमच्या नावावरचा चिखल धुतल्या जाते. पण मंग तुमची माय जगत नाई. अन् झाकलं तं माय वाचते, पण शेवंतीले विहिरीवर पोट्ट्या म्हणतात, तुहा बाप पेताड होता. दोन्ही कसं सांभाळू? तुमीच सांगा. तुमाले साऱ्या गोष्टीवर इलाज सुचे ना!

पण पह्यले माहा राग आयका. तो अजून गेला नाई.

वाशिमच्या एका कापसाच्या जिनात तुमी दारं-खिडक्या बसवायले गेलते. पावसाळा तोंडावर. घरावरचे कवेलू फिरवायचे होते, शेवंतीले अंगभर कपडा नोता. मी रोज वाट पाहे, का मिस्तरी आता मजुरी घेऊन येतीन. अन् तुमी आले ते दुसऱ्याच्या बैलगाडीत एक लोखंडाचं मढं घालून! जिनातल्या कोण्या साहेबानं पह्यल्या लढाईच्या आधी ते विलायतेवरून आणलं होतं म्हणे. साहेब गेला, फटफटी सरकीच्या गोदामात पडून राह्यली. उंदरांनी गादी खाल्ली, टाकीची चाळणी झाली. अन् तुमी मजुरीच्या बदल्यात ते मागून घेतलं. कोणी गळ्यात बांधलं असतं तं एक गोष्ट होती. मागून!

मी किती बोलली तुमाले त्या दिवशी. शेजारपाजारचे दारात येऊन उभे राह्यले. अन् तुमी? तुमी गाडीतून लोखंड उतरवता उतरवता हासत होते. म्हणे, "साऱ्या गावच्या बैलाले जू म्या करून देल्लं, अन् आपल्या दाराशी एक बी बैल नाई. आता हा घ्या आपला बैल."

"याले चारा काय घालता?" मी म्हणलं.

"तुह्या शिव्या."

असं बोललं का मले हासू येई, अन् हासू आलं का राग अजून वाढे. तुमाले ते माहीत होतं. म्हूनच तुमी तसं बोला.

छपरी गळत होती म्हून तुमी ते घरात घेतलं. घरात म्हणजे कुठं, तं चुलीच्या बाजूले! तो पावसाळा मी कसा काढला मलेच ठाऊक. इंजिन तुमी माह्या भाकरीच्या परातीत खोललं. खिळे-नटं पापडाच्या डब्यात. भाकरीले रॉकेलचा वास, भाजीले रॉकेलचा वास, पोरीच्या केसाले बी तोच. माय मात्र पाटावर बसून पाहे, पोरगा लोखंडाले कसं पुसते ते. मी कुरकुर केली का म्हणे, "राहू दे वं, बाहेर तं नाई ना जात तो."

मंग मंगरूळचे करीमभाई येऊ लागले. दर्ग्याच्या बाजूले ज्यायचं कल्हईचं दुकान हाये, तेच. बाजाराच्या दिवशी तुमी त्यायच्या दुकानात टाकी घेऊन गेले, अन् दुसऱ्या आठवड्यात ते आपल्या घरी आले ते भाता अन् झाळायचं सामान घेऊनच. म्हणे, "भाभी, मिस्तरीले येडं म्हणू नका. येडा तं मी हाये, जो दुकान बंद करून याच्यासंगं बसलो." दोघांनी मिळून रॉकेलचे डबे कापले, अन् नवी टाकी झाळली. पाणी भरून पाह्यलं, एक थेंब गळला नाई. त्या दिवशी तुमी दोघं लहान पोट्ट्यासारखे नाचले.

नवीन काही घ्यायची आपली ऐपत कुठं होती? पट्टा तुमी जुन्या मोटेच्या चामड्याचा शिवून घेतला. टायर फाटलं होतं, त्यात काथ्या अन् चिंध्या कोंबल्या. बाजूले बसायले एका चाकाची छोटी रेंगी केली, बाभळीचं चाक, त्याले लोखंडी धाव चढवली. गावात लोकं हासले, फटफटीले बैलगाडीचं चाक! पण ती रेंगी सुरेख झालती, खोटं कायले बोलू. आत गादी केली. ती कशाची? माह्या हिरव्या लुगड्याची! मले इचारलं बी नाई. मी वाळत घातलेलं लुगडं शोधून राह्यली, अन् ते गाडीत शिवल्या गेलं. यावर तं मी तुमच्याशी बोललीच नाई किती दिवस.

अन् ब्रेक. आता त्याच्यावर येतो.

पुढच्या चाकाचा ब्रेक तुमी काढूनच टाकला. त्याची तार कुठं भेटत नोती. करीमभाई म्हणे, अकोल्याले पाहू. तुमी म्हणे, "एक पुरे हाये, आपल्याले कुठं घोड्याची शर्यत लावायची." मागच्या चाकाले दोन लोखंडी कड्या होत्या. एकीवर पट्टा चाले, अन् दुसरीवर पाय दाबला का लाकडाचा ठोकळा घासे. तो ठोकळा बी तुमीच केला, बाभळीचा, अन् त्यावर मोटेचंच चामडं ठोकलं. सपाट रस्त्यावर तो लागतच नसे. तुमी इंजिन बंद करा, अन् गाडी आपोआप उभी राहे. उतारावर तेवढा लागे. हे मले काहून माहीत? तुमीच रोज कानाशी बोला ना. मी नाई म्हणे, तरी बोला.

सारं जोडून झाल्यावर तिसऱ्या का चौथ्या दिवशी ती सुरू झाली. बापा रे! कोंबड्या कवेलावर गेल्या, पाटलाच्या म्हशीनं दावं तोडलं. माय मीठ-मिरच्या घेऊन धावली, अन् पोरासंगं फटफटीची बी नजर काढली. मंग तुमी तिले रेंगीत बसवलं. डोक्यावर पदर, हातानं लाकूड गच्च धरलेलं, डोळे मिटलेले. गावाबाहेर जाऊन आली. उतरली तं म्हणे, "याची शेपटी मुरगाळा लागत नाई, हे लय चांगलं हाये बाप्पा."

तवापासून तिच्यासाठी ते लोखंड नोतं. जनावर होतं. सकाळी अंगण झाडलं का त्याच्या पाठीवरून हात फिरवे. तुमी म्हणा, माय, त्याले काही समजत नाई. ती म्हणे, "तुले तरी समजे का लहानपणी? तरी मी फिरवतच होतो."

गावाले बी त्याची सवय झाली. कोणाचं दुखणं निघालं का लोकं बैल जुंपायच्या आधी आपल्या दाराशी येत. किती बाया तुमी त्या रेंगीत मंगरूळच्या दवाखान्यात नेल्या! आज पारावर बसून जो सगळ्यात जास्त बोलते ना, त्याची सून बी माह्या हिरव्या लुगड्यावर बसूनच गेलती. बाळंतपणात वाचली. त्याले आठवत नसीन. मले आठवते.

अन् मंग आला मागच्या सालचा पोळा.

तुमाले आठवते का, पोळ्याच्या दिवशी माय कशी बसे ते? सारं गाव आपापल्या बैलाले आवतन देई. आदल्या दिवशी सांजच्याले खांद्याले हळद-लोणी चोळायचं, अन् म्हणायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवायले या. ज्याच्या घरी बैल, त्याच्या घरी सण. आपण पडलो सुतार. जू आपलं, तिफण आपली, चाक आपलं, बैल दुसऱ्याचे. तुमचे बाबा गेले तवापासून माय त्या सांजले दाराशी बसून फक्त आयके. कोणी बोलावलं तरी जात नसे. "आवतन द्यायले आपल्याजवळ कोणी नाई," म्हणे.

त्या साली होता. ती इतकी खूश होती, मी तिले तसं कवा पाह्यलं नोतं. पाटलाच्या घरी ताक घुसळायले गेली, अन् येताना लोण्याचा गोळा घेऊन आली. तुमी आंगणात होते. तिनं इचारलं, "अरे, याचा खांदा कुठं हाये?"

तुमी हासले. म्हणे, "इथं लाव माय, हँडलले." अन् दोन जू पोचवायचे होते म्हून निघून गेले.

तिले ते पटलं नाई. ती फटफटीभोवती फिरली, वाकून वाकून पाह्यलं. मले म्हणे, "हँडल म्हणजे तं शिंगं झाली. बैल ओढते कुठून? खांद्यातून. अन् हे ओढते मागच्या चाकातून. म्हणजे खांदा तिथं." मी चुलीपाशी होती, पुरणाची दाळ शिजत होती, मी तिच्या बोलण्यावर हो म्हणलं का नाई म्हणलं तेही आठवत नाई. एका कडीवर पट्टा होता, तिथं हात जात नोता. दुसरी मोकळी होती. तिनं त्या मोकळ्या कडीले लोणी चोळलं. पळसाच्या पानानं, सारी कडी, आतून बाहेरून. ठोकळ्याच्या चामड्याले बी. अन् म्हणली, आज आवतन घ्या, उद्या जेवायले या. म्हणताना तिचा आवाज भरून आलता. तेवढं मात्र मले आठवते.

दुसऱ्या दिवशी पोळ्यात तुमची फटफटी तोरणाखाली बैलाच्या रांगेत उभी राह्यली. पोळ्याले बैल जुंपत नाई, म्हून तुमी बी ती सुरू नाई केली. लोकांनी ढकलत नेली. झूल घातली, हँडलले बेगड लावलं. झडत्या म्हणणाऱ्यांनी तिच्या नावानं एक झडती म्हणली, सारं गाव हासलं. माय दारातून पाहून राह्यली होती. ढकलत नेली, ढकलत आणली. ब्रेकावर कोणाचा पाय पडलाच नाई.

तिसऱ्या दिवशी कर. तुमी करीमभाईले जेवायले बोलावलं होतं. त्यायले आणायले निघाले. सकाळची वेळ. मी म्हणलं, च्या घेऊन जा. तुमी म्हणे, करीमभाईसंगं घेतो. बस. एवढंच आपलं शेवटचं बोलणं. च्याचं!

नाल्याच्या उतारावर समोरून बैलगाड्या येत होत्या. पह्यली गाडी सखारामची, आत त्याच्या घरच्या बाया-पोरं. सखाराम सांगते, तुमी दुरूनच वरडत होते, सरका, सरका! दाबून दाबून पाय मारत होते. गाडी थांबेच ना. मंग तुमी हँडल वळवलं, पुलाच्या दगडी कठड्याकडे. सखारामच्या बैलाले खरचटलं बी नाई.

तुमाले गाडीत घालून आणलं. मागून दुसऱ्या गाडीत ती. मी काय काय केलं मले आठवत नाई. बाया मले धरून बसल्या होत्या. माणसं बाहेर बोलून राह्यले, अन् मले आयकू आलं, "ब्रेक लागला नाई म्हणे? अरे, शुद्धीत असता तं लागला असता. कर हाये आज. सकाळीच टाकली असीन." कोणीतरी म्हणलं, मिस्तरी तं पेत नोता. त्याले दुसरा म्हणे, "करीच्या दिवशी कोण पेत नाई?"

मी उठली. बाया मांगं आल्या तं मी त्यायले ढकलून देल्लं. मले ती फटफटी फोडायची होती, खरं सांगतो. छपरीत गेली. चाक वाकलं होतं. मी त्याले हात लावला अन् माहा हात घसरला. पाह्यलं तं बोटं पिवळी.

अवो, तुमाले समजलं असीन का हो, त्या उतारावर? पाय दाबता दाबता समजलं असीन का, का हे मायच्या हातचं हाये? मी सालभर हाच इचार करून राह्यली. देव करो अन् समजलं नसो.

तिथंच बाजूले राखुंडी होती. मी ती कडी घासली. ठोकळ्याचं चामडं उपटून चुलीत टाकलं. बाहेर तुमी आंगणात निजलेले, अन् मी आत चाक घासून राह्यली. कोणी पाह्यलं नाई असं मले वाटलं. मायले कळलं असतं तं ती तुमच्यासंगंच गेली असती, याच्यात मले शंका नोती. एका घरातून दोन मयती! अन् गावानं काय म्हणलं असतं? मायनं पोरगा मारला. बेवड्याची बायको म्हणलं तं मी सहन करीन, मी मनाशी म्हणलं. म्हातारीले नाई होणार.

पण सोपं नाई हो. तुमी जन्मात थेंब तोंडाले लावला नाई. कोणी लग्नात आग्रह केला तं उठून येत. अन् आता पारावर जुनी गोष्ट सांगतात तशी तुमची गोष्ट सांगतात. सखाराम पह्यले एक-दोनदा बोलला, मंग तो बी गप झाला. शेवंती एक दिवस विहिरीवरून रिकामी घागर घेऊन आली. म्हणे, "माय, बाबा पेये का वं?" मी तिच्या पाठीत धपाटा घातला. तिले! तिचा काय गुन्हा?

मागच्या आठवड्यात करीमभाई आले. त्या सकाळी ते दुकान बंद करून, नवा सदरा घालून तुमची वाट पाहत बसले होते, ते त्यायच्या मनातून जात नाई. ते छपरीत गेले. चाक पाह्यलं, कडी पाह्यली, अन् ठोकळ्याची उघडी बाभूळ पाह्यली. बाहेर आले तं चेहरा उतरलेला.

"भाभी, याचं चामडं कोणी काढलं?"

मी त्यायच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला.

"कडीच्या सांध्यात अजून पिवळं हाये. भाभी, खांदशेकणीचं हाये ना हे?"

मंग मी सांगितलं. कोणाले तरी सांगायचंच होतं मले. ते ओट्यावर बसले अन् लहान पोरासारखे रडले. मंग उठले, म्हणे, "मी बाजाराच्या दिवशी शेलूबाजारच्या चौकात उभं राहून सांगतो. माहा दोस्त शराबी नोता. कोणाच्या बापाले भेत नाई मी."

"अन् माय?"

"अल्ला पाह्यतो तिले."

"अल्ला पाह्यतो, पण राहते ती माह्या घरात!" मी जोरात बोलली, मंग आवाज खाली केला. "तुमी सांगितलं तं मी तुमचं तोंड पाहणार नाई, करीमभाई." ते गेले. काही कबूल करून नाई गेले. मले राग आला, अन् बरं बी वाटलं. तुमच्यासाठी भांडणारा कोणीतरी हाये.

आता दिवस कलला. माय उठली. वाटी तिच्या हातात हाये. मी जातो तिच्या मांगं. ती पुन्हा त्या चाकापाशी बसली तं मी काय करू? थांबा, येतो.

*

दिवे लागले. मी आली. चिमणीच्या उजेडात लिहून राह्यली, अक्षर वाकडं येईन, समजून घ्या.

माय छपरीत फटफटीपाशी बसली होती. पदरानं तिनं साऱ्या गाडीवरची धूळ पुसली. मंग पळसाचं पान घेतलं, लोणी घेतलं, अन् हँडलले लावलं. हँडलले. तुमी सांगितलं होतं तिथं. मले वाटलं, सुटली. अन् ती माह्याकडे न पाहता बोलली,

"औंदा चाकाले नाई लावत वं."

मी तिच्याजवळ गेली.

"तू त्या दिवशी चाक घासत होती, तवा मी दारात होतो. मले पह्यले तुहा राग आला. माह्या लेकाची मयत आंगणात, अन् ही लोखंड घासून राह्यली! मंग तू चामडं चुलीत टाकलं. लोण्याचा वास आला. हळदीचा आला."

"माय, तवापासून?"

"तवापासून."

सालभर! एका चुलीवर आमी दोघी जेवलो, एका वाकळीत शेवंतीले मधात घेऊन निजलो. मले वाटे मी तिले वाचवून राह्यली. अन् ती? मी इचारलं, "तुमी काहून नाई बोलल्या?"

"तुले वाटत होतं मले माहीत नाई. त्याच्यावर तू उभी होती. मी बोललो असतो तं तू बी पडली असती." मंग वाटी खाली ठेवून म्हणे, "अन् मले भेव वाटे. तू मले माय म्हणशीन का नाई, याचं."

अवो, मी तिच्या पायाशीच बसली. तिचे हात लोण्यानं चिकट होते, तेच तिनं माह्या डोक्यावर ठेवले. आमी दोघी रडलो. तुमी गेले त्या दिवशी बी आमी संगं रडलो नोतो, माहीत हाये का? ती एका कोपऱ्यात, मी एका.

मंग तिनं डोळे पुसले अन् म्हणली, "उद्या मी तोरणापाशी जातो."

"कायले?"

"सांगायले. सारा गाव तिथं असते. माहा पोरगा पेला नोता, मी लोणी लावलं होतं."

मी तिचा हात धरला. "माय, तुमाले समजून राह्यलं का काय होईन ते? मरेस्तोवर म्हणतीन, मायनं पोरगा मारला."

"म्हणू दे. त्याले पेताड म्हणतात, ते मी सालभर आयकलं. आता मले म्हणतीन ते बी आयकीन. दोन्हीतलं मले कोणतं सोपं, ते मले ठाऊक हाये." अन् मंग म्हणे, "मी अजून किती राहीन? पण शेवंतीले या गावात अजून राहायचं हाये."

सालभर मी ज्याच्यातून तिले वाचवलं, त्यातच ती आपल्या पायानं चालली. अन् मले तिले अडवता नाई येत, कारण ती खरं बोलून राह्यली. माह्या मनातलं तिच्या तोंडून निघालं, अन् ते आयकून मले आनंद नाई झाला.

तुमी असते तं काय म्हणले असते? हासले असते का? "माय, एवढं काय त्यात, मलेच दिसायले पाह्यजे होतं," असं म्हणले असते, मले माहीत हाये. दिसायलेच पाह्यजे होतं! निघताना एकदा चाकाकडे पाह्यलं असतं! पुढचा ब्रेक लावला असता! कितीदा भांडू मी तुमच्याशी? तुमी तिकडून काही बोलतच नाई.

उद्या पोळा फुटायच्या आधी आमी जाऊ. तोरणापाशी बाईनं जात नाई, अन् विधवेनं तं नाईच नाई. बैल पुढं उभे असतीन, पाटील असतीन, पारावरचे सारे असतीन. कोणी म्हणीन अपशकुन झाला, कोणी हाकलीन. हाकलू दे. सखारामले मी सांजच्याले निरोप पाठवला, तू तिथं राहा, फक्त खोटं बोलू नको. करीमभाईले नाई बोलावलं. हे आपल्या घरचं हाये, आपणच सांगू.

शेवंतीले आता जेवताना मी सांगितलं. गावानं सांगायच्या आधी आपण सांगितलेलं बरं. मी म्हणलं, "तुह्या आजीनं बाबाच्या गाडीले बैलासारखं लोणी लावलं, म्हून ब्रेक घसरला. बाबा पेत नोता." ती घास हातात घेऊन बसली. मंग उठली, अन् आजीच्या ताटापाशी आपलं ताट घेऊन गेली. तिथंच दोघी जेवल्या.

आता माहं वचन. उद्या तोरणाखाली तुमच्या मायचा आवाज बसला, तं पुढचं मी बोलीन. चाक म्या घासलं, चामडं म्या जाळलं, तेही सांगीन, का साऱ्या शिव्या तिच्या एकटीच्या पदरात पडू नये. कोणी तिले मारेकरीण म्हणलं, तं म्हणणाऱ्याले माही जीभ काय हाये ते समजीन. तुमाले तं माहीतच हाये. अन् त्या दिवसापासून ती मरेपर्यंत, साऱ्या गावासमोर, मी तिले मायच म्हणीन.

तुमची,
शेवंतीची माय